गण बदलला तेव्हा

महाडच्या लढ्याच्या आठवणींत एक हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. साल १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी पैसा हवा होता आणि तो देणारे बहुतेक हात रोजंदारीचे होते. पठ्ठे बापूराव हे त्या काळी तमाशातले सर्वांत मोठे नाव. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. ब्राह्मणाच्या घरातून उठून ते ढोलकीच्या फडात आले आणि संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाच्या साथीने त्यांनी मुंबई गाजवली. पवळा महार समाजातली. हे बापूराव बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले आणि आपल्या खेळांचे उत्पन्न त्यांनी सत्याग्रहाला देऊ केले. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. आपल्या समाजाच्या मुलींना नाचवून आलेला पैसा आपल्या लढ्याला नको, हे त्या नकाराचे कारण.

बापूरावांच्या मनात खोट होती असे कुणी म्हणत नाही. जात आणि वतन मागे टाकून आलेला तो माणूस होता. तरी नकार आला, कारण बोर्डावर उभी राहणारी बाई आणि समोर बसून दौलतजादा करणारा पुरुष यांच्यातले नाते गावाच्या उतरंडीनेच ठरवलेले होते. नाचगाणे त्यांच्या रक्तातच असते, असे म्हणत ते महार, मांग, कोल्हाटी समाजांच्या गळ्यात बांधून टाकलेले होते. कौतुक रात्रीपुरते, विटाळ दिवसभर. वगात राजाची भूमिका करणारा माणूस सकाळी त्याच गावात पाणी मागायला गेला की त्याच्या ओंजळीत ते वरून ओतले जाई.

आणि तरीही त्या नकारानंतर चार-पाच वर्षांच्या आत हीच ढोलकी, हेच तुणतुणे आणि हीच मंजिरी आंबेडकरी चळवळीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. या वेळी तिला कुणी परत पाठवले नाही. मधल्या काळात त्या खेळाने स्वतःमध्ये काय काय बदलले, याची गोष्ट मला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली फार मोलाची वाटते. तिच्यासाठी आधी पुण्यात, १८५५ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणब्याच्या बायकोला ग्रहांची भीती घालून एक जोशी त्या घराला कसे नागवतो, हा त्याचा विषय. नाटकात एक विदूषक आहे. तो पात्रांमध्ये वावरतो, पण बोलतो प्रेक्षकांशी, आणि जोशाचे प्रत्येक लबाड वाक्य तिथल्या तिथे उकलून दाखवतो. शेवटी ते कुणबी जोडपे फुल्यांच्या रात्रशाळेची वाट धरते. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. त्यांच्या हयातीत ते छापून लोकांपुढे आले नाही. पण त्यातून त्यांची दृष्टी कळते: ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत विचार न्यायचा, तर तो डोळ्यांना दिसला पाहिजे आणि कानांनी ऐकता आला पाहिजे. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा रचला तोही याच समजुतीने.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाचे म्हणणे खेड्यात पोहोचवणारे वक्ते थोडे होते आणि ऐकणाऱ्याला भाषणाची सवय नव्हती. त्याला सवय होती तमाशाची. म्हणून तमाशाच्याच बांधणीत समाजाचा विचार सांगणारा जलसा निघाला. पहिल्या सत्यशोधकी जलशाचा मान जुन्नरकडच्या ओतूरच्या भीमराव महामुनींना दिला जातो. पुढे कराडकडच्या काले गावच्या रामचंद्र घाडग्यांचा जलसा नावाजला, आणि त्यांच्या पाठोपाठ सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या भागांत गावोगावचे संच उभे राहिले.

तमाशाचा क्रम मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि बोबडा पेंद्या. मग बतावणी, लावण्या, आणि रात्र चढली की वग. सत्यशोधकांनी हा सांगाडा मोडला नाही, आतला जीव बदलला. गणात गणपतीची फोड गणांचा पती, लोकांचा पुढारी अशी होऊ लागली. गौळणीचा रोख सोवळ्या-ओवळ्याच्या ढोंगावर वळला. वगात राजा-प्रधानाच्या जागी गावचा भट, सावकार, कुलकर्णी आणि त्यांच्या कागदांवर न वाचता अंगठा उठवणारा शेतकरी आला. यातल्या काही रचनांत ब्राह्मण स्त्रियांची केलेली हेटाळणी मला खटकते. एका वर्चस्वाला झोडपताना त्याच्या सर्वांत दुबळ्या बाजूवर, त्या घरांतल्या बायकांवर, घाव घालणे फुल्यांच्या शिकवणीत बसत नाही. केशवपन झालेल्या विधवांसाठी घर उघडणाऱ्या माणसाचे नाव घेऊन हे होत होते.

पण या जलशांनी घडवलेले काम नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सत्यशोधक पद्धतीने, भटाशिवाय, लग्ने लागू लागली. तेव्हा गावचा वतनदार जोशी कोर्टात जाई. लग्न कुणीही लावो, दक्षिणा मिळण्याचा आपला हक्क वंशपरंपरेचा आहे, असा त्याचा दावा असे आणि कोर्टे तो पुष्कळदा मान्यही करत. ज्याने पाऊल टाकले नाही, मंत्र म्हटला नाही, त्याला पैसे मोजायचे. हा प्रश्न शेतकऱ्याच्या खिशाचा होता आणि वगात तो नीट उलगडून दाखवता येत होता. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळे आणि जमीनदार-सावकार यांच्यातला तणाव उफाळला, तेव्हा या जलशांनी लोकांना चिथावल्याच्या तक्रारी सरकारदरबारी गेल्या. अखेर १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरचा हक्क संपला. त्या कायद्यामागे कौन्सिलातली भाषणे होती, तशा ओतूर-काल्याच्या पारांवर जागवलेल्या रात्रीही होत्या, असे मी धरतो.

सत्यशोधकी जलशाने एक गोष्ट मात्र अर्धीच सोडली. त्यातला नायक शेतकरी होता. वेशीबाहेरचा माणूस त्यात अधूनमधून दिसे, पण आपले दुःख तो स्वतःच्या तोंडाने सांगत नव्हता.

ते तोंड नाशिककडे उघडले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पुढची काही वर्षे चालू राहिला. हजारो स्त्री-पुरुष दारांपुढे बसले, त्यांना अटक झाली, त्यांनी मार खाल्ला. बाबासाहेबांची पत्रे, म्हणजे 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' आणि १९३० च्या नोव्हेंबरात निघालेले 'जनता', ज्यांच्यासाठी लिहिली जात होती त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. एका वस्तीत एखादा शिकलेला पोरगा असे, तो वाचून दाखवी. जिथे तोही नसे तिथे चळवळ पोहोचायची कशी? भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३१ च्या सुमारास जलसा उभा केला तो या पोकळीत. केरूजी घेगडे, केरूबा गायकवाड अशा इतरांचे संचही याच काळात फिरू लागले. कर्डकांनी पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिले. ते नसते तर या माणसांचे काम बरेचसे वाऱ्यावर विरून गेले असते.

आता गण बदलला तो मुळापासून. नमन गणपतीला राहिले नाही, ते भीमरायाला गेले. ज्या देवाच्या देवळाच्या पायरीवर आपल्याला उभे राहू देत नाहीत, त्याला आपल्या ढोलकीवर पहिला मान का द्यायचा, हा प्रश्न काळारामाच्या दारात बसून आलेल्या माणसाला पडणारच होता. गौळण गळाली. बाई नाचवणे बंद झाले, आणि शृंगाराची लावणी गेली तसा दौलतजादाही गेला. फडाचा वर्षाचा संसार ज्या गोष्टीवर चाले ती गोष्टच या मंडळींनी सोडून दिली. यातली बरीच माणसे दिवसा गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा शेतात राबणारी होती.

सोंगाड्या तेवढा राहिला, आणि त्याला नवे काम मिळाले. जुन्या वगात तो राजाच्या शहाणपणातली हवा काढी. जलशात तो अडाणी गावकरी झाला, आणि सगळ्या वस्तीच्या मनातल्या शंका निर्भयपणे विचारू लागला. पोराला शाळेत घातले तर गुरे कोण राखणार? मेलेले ढोर ओढायचे नाही तर बलुते बंद होईल, मग खायचे काय? लग्नात कर्ज काढले नाही तर भावकी काय म्हणेल? समोर बसलेल्यांना या प्रश्नांत आपलाच आवाज ऐकू येई. ते हसत, आणि हसता हसता दुसऱ्या पात्राचे उत्तर कान देऊन ऐकत. फुल्यांचा विदूषक पाऊणशे वर्षांनी अशा रीतीने वस्तीत पोहोचला. त्या नाटकाची हस्तलिखितेच तेवढी शिल्लक असताना हे कुणी वाचून केले नसणार. लोकांना शिकवण्याची गरज जिथे खरी असते तिथे रूपही बहुधा तेच सापडते.

विषय ठरलेले होते: शिक्षण, दारू, मृत मांस, सावकारी, पाण्याचा हक्क. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, त्यानंतर धर्मांतर. पुढे स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुका आल्या, तेव्हा मत म्हणजे काय आणि ते विकायचे का नाही, हेही जलशांतून सांगितले गेले. माझ्या दहा सभा आणि कर्डक मंडळींचा एक जलसा यांचे वजन सारखे, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार आजही सांगितले जातात. ज्यांनी बापूरावांचा पैसा परत केला त्यांनीच हे म्हणावे, यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचा आक्षेप ढोलकीवर नव्हता, ती कुणाच्या अंगावर वाजते यावर होता.

इथे मात्र एक सल राहून जाते. बाई नाचवायची नाही, हे बरोबरच होते. पण तिला नाचवणे थांबवल्यावर तिच्या हाती दुसरे काय द्यायचे, हा प्रश्न जलशाने सोडवला नाही. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत राहिले. महाडला बायका होत्या, काळारामच्या दारात बायका होत्या, मात्र जलशाच्या फळ्यांवर त्यांच्या नावाने लुगडे नेसलेला गडी उभा असे. आणि तमाशात राहिलेल्या बायका तिथेच राहिल्या, चळवळीच्या नजरेत आता दुप्पट परक्या होऊन. पवळासारख्या बाईच्या गळ्यात जे होते ते आंबेडकरी गाण्याला मिळाले असते तर काय झाले असते, या विचाराने मी पुष्कळदा अडून बसलो आहे.

मुंबईत, गिरणगावात, याच सुमारास दुसरा, कम्युनिस्टांचा प्रवाह वाढत होता. वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे हा मांग समाजातला मुलगा बापाबरोबर पायी चालत मुंबईला आला. शाळा पाहिली ती दीड दिवस. तेच अण्णाभाऊ. बार्शीचे मेहबूब पटेल शाहिरीत येऊन अमर शेख झाले. तिसरे द. ना. गवाणकर. या तिघांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. बंगालच्या दुष्काळाचे आणि युद्धाचे ते दिवस. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला आणि रशियातल्या एका शहराची झुंज लालबाग-परळच्या चाळीत डफावर ऐकू आली.

अण्णाभाऊंनी गणात काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी पहिले नमन मायभूमीला आणि शिवरायांना घातले आणि त्यांच्या जोडीला राबणाऱ्या हातांना बसवले. आंबेडकरी जलशाने बाजूला ठेवलेली लावणीही त्यांनी परत आणली, पण तिची मानगूट धरून दुसरीकडे वळवून. 'मुंबईची लावणी'त वर्णन बाईच्या अंगाचे नाही, शहराचे आहे. एका बाजूला माड्या आणि दुसऱ्या बाजूला खुराडी असलेले शहर. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ऐकणाऱ्याला आधी गिरणी कामगाराचा विरह वाटते. बायको गावी, आपण मुंबईत, हातात काही उरत नाही. मग हळूहळू ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होते, महाराष्ट्रापासून तोडलेला मुलूख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १०६ हुतात्म्यांची नोंद झाली. त्या काळातल्या सभा आठवणारे लोक भाषणांबरोबर अमर शेखांचा पहाडी आवाज आणि ही छक्कड हटकून आठवतात. सीमेचा नकाशा ज्याने कधी पाहिला नव्हता त्यालाही कारवार नाही म्हणजे काय नाही, हे बायकोच्या आठवणीने कळले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारची नजर तमाशावर आणि या कलापथकावर वळली, आणि बंदी आली. अण्णाभाऊंनी आपल्या खेळाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. आज पांढरपेशा रंगभूमीवर प्रतिष्ठेने मिरवणारा तो शब्द असा अडचणीतून रुजला, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यांची वगनाट्ये कामगारांनी उभ्याने पाहिली.

लाल आणि निळा यांच्यामध्ये ताण होता, तो लपवण्यात अर्थ नाही. कम्युनिस्टांना जात दुय्यम वाटे, आंबेडकरी कार्यकर्त्याला तो आंधळेपणा वाटे, आणि यात कार्यकर्त्याचे म्हणणे खरे होते असे मला वाटते. अण्णाभाऊंनी दोन्ही ओझी एकाच खांद्यावर घेतली. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित आणि कामगारांच्या तळहातावर तरली आहे, असे त्यांनी तिथे मांडले, आणि पुढच्या वर्षी आलेली 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते गेले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस अमर शेख अपघातात गेले.

जलशाचे पुढचे रूप गायनाचे. नाट्य मागे पडले आणि गाणे उरले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध आणि भीम हे या गाण्याचे दोन काठ झाले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक या गाण्याचे सर्वांत मोठे कवी. मुंबईत गिरणीत कामाला असताना त्यांच्यापुढे कुणीतरी पत्र धरले आणि वाचून दाखव म्हटले. त्यांना वाचता येत नव्हते. ती लाज त्यांना सोसवली नाही. मोठ्या वयात ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ पासून ते लिहू लागले आणि २००४ सालच्या मे महिन्यात गेले तोवर काही हजार गाणी वस्त्यांमध्ये सोडून गेले. गायक त्यांची गाणी घेत, गात, पुष्कळदा कवीचे नाव न घेताही. वामनदादा पिशवी खांद्याला लावून गावोगाव जात. वाचता न येणाऱ्यांसाठी निघालेल्या जलशातून शेवटी कवी घडला तोही असा, अक्षर उशिरा भेटलेला.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १० माणसे मारली गेली. डाव्या चळवळीत आयुष्य गायलेला शाहीर विलास घोगरे ते सोसू शकला नाही, आणि चार दिवसांनी त्याने स्वतःला संपवले. जाताना त्याने डोक्याला निळे फडके बांधले होते. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्याच्यापासून सुरू केला, आणि १९९७ नंतर वस्त्यावस्त्यांतून फिरून तो २०११ साली पुरा केला.

आता वस्तीत गाणे मोबाइलवर पोहोचते. औरंगाबादच्या कडुबाई खरात यांचा आवाज तसाच घरोघरी गेला. वडिलांकडून आलेली एकतारी घेऊन त्या गात आल्या. आता जयंतीच्या कार्यक्रमांना मोठे मांडव पडतात आणि कडुबाई डोक्यावर पदर घेऊन मधोमध उभ्या राहतात. भीमरायाचे पहिले नमन त्याच घेतात. मागे ढोलकी असते, पेटी असते, झील धरायला पुरुष असतात. त्यांच्या पायांत चाळ नाहीत.